डिटेक्टर १०० म्हणतो, म्हणजे नक्की किती?

समजा १०० जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन, अगदी तस्साच, हजार वेळा डिटेक्टरवर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रावर, सोडला तर हजारही वेळा १०० आकडा येईल? नाही येत. कधी ९९.६ येतो, कधी १००.३, आणि हे सगळे ग्राफवर मांडले की घंटेसारखा उंचवटा दिसतो. त्याची रुंदी म्हणजे रेझोल्युशन.

जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत सीएमएस डिटेक्टर आहे, त्यात लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक बसवलेत. एकेक जेमतेम वीतभर, काचेसारखा आरपार, पण वजन दीड किलोच्या आसपास! इलेक्ट्रॉन आत घुसला की कणांचा पाऊस पडतो, जरासा प्रकाश निघतो, तो मोजून ऊर्जा काढायची.

गडबड तीन प्रकारची. प्रकाशकण दरवेळी थोडे कमीजास्त निघतात, ही चूक म्हणजे २.८ टक्के भागिले (जीईव्हीतल्या) ऊर्जेचं वर्गमूळ, त्यामुळे ऊर्जा वाढली की घटते. इलेक्ट्रॉनिक्सची खरखर साधारण ०.१२ जीईव्ही, कण कितीही मोठा असो तेवढीच. आणि तिसरी ०.३ टक्के, ही चिवट, कारण सगळे स्फटिक एकसारखे नसतात आणि तापमान १ अंश वाढलं तरी प्रकाश २ टक्क्यांच्या आसपास घटतो, म्हणून सगळं १८ अंशांवर सांभाळून ठेवतात. तिन्हींची सरळ बेरीज नाही, वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ, शाळेतला पायथागोरसच. १०० जीईव्हीला येतं ०.४३ टक्के, १० ला मात्र दीड टक्का. (हे टेस्ट बीमचे, म्हणजे ठरावीक ऊर्जेचे कण सोडून घेतलेल्या चाचणीचे आकडे, तिथे सगळं लाडाकोडात असतं.)

खरी घंटा दोन्ही बाजूंनी सारखी नसतेच, डावीकडे शेपूट निघतं, कारण थोडी ऊर्जा स्फटिकाबाहेर निसटते. म्हणून मध्ये घंटा आणि डावीकडे हळूहळू उतरणारी शेपटी असं सूत्र वापरतात, नाव क्रिस्टल बॉल, त्याच नावाच्या जुन्या डिटेक्टरवरून आलेलं.

एवढा खटाटोप का? हिग्ज बोसॉन या कणाची स्वतःची रुंदी (त्याच्या वस्तुमानाचा नैसर्गिक पसरटपणा, वस्तुमानही ऊर्जेच्याच एककात मोजतात) थिअरीप्रमाणे ४ एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) आसपास, आणि २०१२ मध्ये तो फुटून निघालेल्या दोन फोटॉनांतून (प्रकाशकणांतून) १२५ जीईव्हीला दिसलेला उंचवटा त्याच्या शेकडो पट रुंद, म्हणजे आपण जो आकार बघतो तो जवळजवळ सगळा डिटेक्टरचाच! मग मॉडेल बरोबर आहे हे कसं कळणार, तर झेड बोसॉन हा दुसरा कण वापरून, त्याचं वस्तुमान ९१.१९ जीईव्ही आणि रुंदी आधीच पक्की माहीत आहे. तो इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) यांत फुटला की डेटातला उंचवटा सिम्युलेशनशेजारी, म्हणजे संगणकावर केलेल्या नकलेशेजारी, ठेवायचा. सिम्युलेशन बहुतेक वेळा जरा जास्तच शहाणं निघतं, उंचवटा अरुंद देतं, मग त्याच्या आकड्यांत मुद्दाम थोडा घोळ मिसळतात, दोन्ही रुंदी जुळेपर्यंत.