नडगीवरची काळी-निळी खूण आणि दोन इंचांचा फरक

माझा चुलतभाऊ मालवणकडे झाडं तोडण्याची कामं घेतो. कमरेचा पट्टा, दोर, वरून फांद्या बांधून उतरवणं यात त्याचा हात बसलेला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने स्पर्सची जोडी मागवली. परदेशी व्हिडिओंमध्ये झाड तोडणारी माणसं पायाला लोखंडी काटे बांधून खोडावर भराभर चढताना दिसतात ना, तेच हे काटे. घराच्या अंगावर येणारं सुरूचं एक उंच झाड पावसाआधी उतरवायचं होतं, त्यावर हा पहिला प्रयोग. अर्ध्या तासात तो खाली आला. दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या बरंच खाली, काळी-निळी खूण. जमलेल्या सगळ्यांचं निदान एकच: "सवय नाय. आठ दिवसांत नडगी घट्ट होतली."

हे निदान चूक आहे. नडगी घट्ट होत नसते, आणि दुखण्याचं कारण तिच्या नाजूकपणात नव्हतंच. ते त्या लोखंडी पट्टीच्या लांबीत होतं.

आधी वस्तू समजून घेऊ. बुटाच्या तळाखाली, टाचेच्या पुढे, घोड्याच्या रिकिबीसारखा एक आडवा तुकडा येतो. तिथून एक उभी पट्टी पायाच्या आतल्या अंगाने गुडघ्याच्या जरा खालपर्यंत जाते. घोट्याजवळ एक पट्टा, वर पोटरीभोवती दुसरा पट्टा आणि गादी. काटा असतो घोट्याच्या आतल्या बाजूला, खाली आणि झाडाकडे रोखलेला. 1844 मध्ये मॉर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार सुरू झाली आणि मग अमेरिकेत खांबांचं जाळं पसरलं. त्या खांबांवर चढणाऱ्या लाइनमनांची ही अवजारं. खांबाला साल नसते, म्हणून त्यांचा काटा आखूड, साधारण दीड इंचाचा. झाडावर जाड साल भेदून लाकडापर्यंत पोचायचं असतं, म्हणून झाडाचा काटा लांब, अडीच-पावणेतीन इंचांपर्यंत. ही लांबी लक्षात ठेवा, पुढे तिचा हिशेब येणार आहे.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. तुमचं वजन रिकिबीवर, म्हणजे तळपायाच्या मध्यावरून सरळ खाली जातं. पण झाड तुम्हाला उचलून धरतं ते काट्यापाशी, आणि काटा पायाच्या मध्यरेषेत नसतो. तो आत, झाडाच्या बाजूला असतो. म्हणजे खाली ढकलणारं बल एका रेषेत आणि वर उचलणारं बल पाच-सात सेंटिमीटर बाजूला. अशी दोन बलं एकाच वस्तूवर लागली की ती वस्तू फिरायला बघते. इथे पट्टी अशा दिशेने फिरू पाहते की तिचं वरचं टोक झाडापासून दूर, म्हणजे थेट तुमच्या नडगीत घुसतं.

घरात भिंतीवरच्या फळीखालचा लोखंडी ब्रॅकेट बघा. फळीवर डबे ठेवले की ब्रॅकेटचा वरचा स्क्रू भिंतीतून उपटून यायला बघतो आणि खालचं टोक भिंतीत दाबलं जातं. ब्रॅकेटची उभी बाजू जितकी लांब, तितकं हे ओढणं-दाबणं कमी. स्पर्समध्ये अगदी हेच घडतं. फरक इतकाच की दाब सोसायला भिंतीच्या जागी तुमचं हाड आहे.

आकडे घालून बघू. माणूस 70 किलोचा, एका पायावर पूर्ण भार, काट्याचा आधार मध्यरेषेपासून 6 सेंटिमीटर बाजूला, उभी पट्टी 40 सेंटिमीटर. तरफेचा शाळेतला नियम, बल गुणिले भुजा: 70 × 6 = 420. याला 40 ने भागलं की 10.5. म्हणजे प्रत्येक पावलाला नडगीवर साडेदहा किलोचा रेटा. पट्टी 30 सेंटिमीटरचीच असेल तर तोच रेटा 14 किलो होतो. आणि साल जाड असल्याने काटा पुरता रुतला नाही, आधार 8 सेंटिमीटरवर गेला, तर 40 ची पट्टी असूनही पुन्हा 14. काटा लांब असला की आधार असाच मध्यरेषेपासून दूर जातो. लांब काटा पायाला जास्त का छळतो, ते इथे कळतं.

रेटा किती हे कळलं, पण दुखणं ठरतं तो रेटा किती जागेवर पसरला त्यावर. गादी सरकली आणि पट्टीची कड उघडी पडली, तर टेकणारी जागा जेमतेम 3 चौरस सेंटिमीटर. साडेदहा किलो त्यावर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 3.5 किलो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन असतो! हाच रेटा 10 बाय 8 सेंटिमीटरच्या चांगल्या गादीवर पसरला, तर दाब 0.13 वर येतो. रक्तदाबाच्या भाषेत हे जवळपास 97 मिलिमीटर पारा. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला दाब साधारण 32 मिलिमीटर धरला जातो. म्हणजे गादी उत्तम असली, तरी एका पायावर भार देऊन उभं असताना त्या जागेचा रक्तपुरवठा अडतोच. चढताना पाय बदलत राहतो, म्हणून ते चालून जातं. करवत घेऊन एकाच जागी दहा मिनिटं उभं राहिलं की कळ येते ती यामुळे. मधूनमधून भार या पायावरून त्या पायावर घेत राहायला हवं.

यात मी दाब सगळीकडे सारखा धरला आहे. प्रत्यक्षात नडगीच्या आतल्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये स्नायूच नाही. बोट लावून बघा, हाड थेट हाताला लागतं. हाडावरच्या पातळ आवरणात वेदना सांगणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. अंधारात पलंगाची कड नडगीला लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते याच आवरणामुळे. ते रोज चेपून "घट्ट" होत नाही, सुजतं. म्हणून गादीने हाडाच्या कडेवर टेकू नये, थोडं मागे, पोटरीच्या मांसाकडे भार घ्यावा.

मग पट्टी जमेल तितकी लांब ठेवावी का? तसंही नाही. ती फार वर गेली तर गुडघा वाकवताना त्याच्या आतल्या उंचवट्याला ठोकरते. गुडघ्याच्या आतल्या अंगाने एक मज्जातंतूही खाली घोट्याकडे उतरतो. तो दबला की नडगीची आतली बाजू बधिर होते. वरच्या पट्ट्याचं आणखी एक पथ्य आहे. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला एक छोटं गोल हाड हाताला लागतं. त्याच्या मानेला वळसा घालून जाणारा मज्जातंतू पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवतो. पट्टा तिथे करकचून बांधला तर पावलाच्या वरच्या भागात मुंग्या येतात. मुंग्या आल्या की खाली उतरायचं. त्यात मर्दुमकीचा प्रश्न नाही.

मापाची रीत सोपी आहे. ज्या बुटांनी चढणार तेच घालून माप घ्यायचं, कारण टाचेच्या उंचीने हिशेब बदलतो. बूट कडक तळव्याचा हवा. मऊ बुटात रिकीब तळपायाच्या कमानीत रुतते, आणि निसर्गाने ती जागा भार घ्यायला दिलेलीच नाही. पट्टीचं वरचं टोक गुडघ्याच्या आतल्या उंचवट्याखाली दोन बोटं यावं. बहुतेक चांगल्या जोड्यांत ही उंची स्क्रूने कमी-जास्त करता येते, काहींत पाव-पाव इंचाने. आधी घोट्याचा पट्टा पक्का करायचा, नाहीतर पट्टी डुलते आणि कड चावते. वरच्या पट्ट्यात मात्र एक बोट सरकलं पाहिजे, कारण पाय वाकला की पोटरी फुगते. मग जमिनीपासून वीतभर उंचीवरच दोन-चार मिनिटं उभं राहून बघायचं.

जाहिरातींत टायटॅनियम आणि कार्बन फायबरचं फार कौतुक असतं. हलक्या जोडीने पाय उचलण्याचे कष्ट खरोखर वाचतात. पण वरच्या गणितात स्पर्सचं वजन कुठेच येत नाही, तुमचं येतं. चुकीच्या लांबीची टायटॅनियमची पट्टी पोलादाइतकीच चावेल.

भावाची पट्टी दोन इंच खाली बसवलेली निघाली. ती वर घेतली, गादी मागे फिरवली, आणि दुसऱ्या दिवशी सुरू उतरला. त्याच उत्साहात शेजाऱ्यांनी विचारलं, "आता माडावर चढून नारळ पण काढशील?" तिथे मी आडवा आलो. काट्यांनी जिवंत झाडाला जखमा होतात. झाडांच्या निगेसाठीच्या अमेरिकेतल्या ए-300 या मानकातही काही अपवाद सोडले तर छाटणीसाठी स्पर्स वापरायला मनाई आहे. आंबा, फणस निदान सालीखालच्या वाढीच्या थराने जखम हळूहळू झाकतात. माडाला तो थरच नसतो, त्यामुळे खोडावरचं भोक जन्मभर राहतं. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, मादी तिथे अंडी घालते, अळ्या आतून खोड पोखरतात आणि एक दिवस शेंडा मान टाकतो. मग घरोघरी ऐकू येतं, माडाला नजर लागली. लिंबू-मिरची बांधण्याऐवजी त्या खोडावर भोकं शोधावीत, भुशासारखा चोथा बाहेर पडतोय का ते पाहावं.

माडासाठी वेगळं यंत्र आहे. केरळात कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ यांनी बनवलेलं शिडी-यंत्र आता कोकणातही दिसतं, आणि नारळ विकास मंडळाने 2011 पासून अशा यंत्रांवर चढण्याचं प्रशिक्षण दिलं आहे. दोन पायांना दोन सांगाडे, प्रत्येकाचा तारेचा फास खोडाभोवती. पाऊल खोडापासून थोडं बाहेर ठेवलेलं असतं, त्यामुळे वजन दिलं की सांगाडा फिरायला बघतो आणि फास खोडाला घट्ट आवळतो. वजन काढलं की सैल होऊन वर सरकवता येतो. म्हणजे बल तेच, भुजा तीच, फिरण्याची ओढही तीच. नडगीला काळी-निळी करणारा रेटा इथे खोडावर पडतो आणि माणसाला वर धरून ठेवतो.