झडती, खंजिरी आणि कापसाच्या खोलीतला रॅप

आमच्या वऱ्हाडात रॅप म्हटलं की म्हातारे लोक म्हणतात हे काय नवीन खूळ, आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली तेच घसा ताणून झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी, त्यात महादेव-पार्वती येतात, तसा सावकार येतो, सरपंच येतो, कापसाचा भाव येतो, समोरच्याच्या बैलाची टर पण उडते, आणि शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' झालं की सगळा गाव ओरडतो आणि दुसरा गडी उत्तर द्यायला पुढे येतो. आता रॅप बॅटल यापेक्षा वेगळं काय असतं मले सांगा.

तिकडचा हिशेब म्हणाल तर रॅप ज्यातून आला त्या हिपहॉपचा वाढदिवस ११ ऑगस्ट १९७३ धरतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या पोरीनं शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे पाहिजेत म्हणून पार्टी ठेवली, रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा त्यानं दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवत नेला, बस. त्या भागातून हायवे काढून वस्त्या तोडलेल्या, विम्याच्या पैशासाठी मालकच बिल्डिंगी जाळायचे, तिथल्या पोरांकडे बोलायला भरपूर होतं.

आपल्याकडे नेझी, डिव्हाइन ही मुंबईच्या रॅपरांची नावं २०१४-१५ च्या सुमारास मोठी झाली, पण खेड्यात खरा फरक पडला तो २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. यूट्यूबवर फुकट बीट म्हणजे रॅपमागचा तयार ठेका, मोबाइलचाच माइक, गाण्याच्या कंपनीला विचारायचं कामच नाही. मराठी रॅपचं वजन सरकारला कधी कळलं म्हणाल तर एप्रिल २०२३, राज मुंगासे नावाच्या रॅपरच्या राजकारणावरच्या गाण्यावर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, आणि गाण्यात तर कोणत्या पक्षाचं नावही नव्हतं!

पण आमच्या मातीला हे नवं नाही. १९४२ ला तुकडोजी महाराज नुसती खंजिरी घेऊन भजनं म्हणत होते, त्यात दगडांचे बॉम्ब होतील असं होतं, चिमूर पेटलं आणि इंग्रजांनी महाराजांना जेलात टाकलं. गाडगेबाबांचं कीर्तन पण तसंच, बाबा प्रश्न टाकणार आणि लोक उत्तर देणार. आंबेडकरी जलसे आणि भीमगीतं तर वस्तीवरच्या पोरांना पाठच असतात, बरेच जण रॅपकडे तिथूनच आलेत. आणि विषय? १९ मार्च १९८६ ला यवतमाळच्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे बायको-लेकरांसह गेले, ही जाहीर झालेली पहिली शेतकरी आत्महत्या मानतात, त्यानंतर विषय शोधत फिरायची वेळ आलीच नाही.

मला तर भाषेचं जास्त वाटतं. वऱ्हाडी म्हणजे सिनेमात हसवायला ठेवलेली बोली, 'काऊन बे' म्हणजे 'का रे' म्हटलं की पब्लिक हसलीच पाहिजे. हे रॅपवाले पोट्टे त्याच 'काऊन बे'नं जाब विचारतात तेव्हा कोणी हसत नाही.

आमच्या गावचा एक पोट्टा कापसाच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. भाव पडला म्हणून कापूस छतापर्यंत रचलेला, त्यामुळे आवाज अजिबात घुमत नाही, शहरातले लोक त्यासाठी भिंतीला फोम चिकटवतात म्हणे. पंखा बंद, डोक्यावर दुलई, आणि साठवलेल्या कापसानं अंगाला अशी खाज सुटते की मधेच टेक थांबवून खाजवावं लागतं. "भाऊ, भाव नाई भेटला तं नाई, स्टुडिओ तं भेटला," म्हणे. मार्चात घरच्यांनी कंटाळून आला त्या भावानं कापूस देऊन टाकला, खोली रिकामी झाली, आवाज पुन्हा घुमायला लागला. आता पुढचं गाणं दिवाळीनंतर, नवा कापूस घरी आला की.