साक्षर भूत: सीमाभागातल्या भीती-हशाची पार्श्वभूमी

२०१८ साली ‘स्त्री’ आला तेव्हा भिंतींवरचं ‘ओ स्त्री कल आना’ वाचून सगळीकडची थिएटरं हसली. बेळगावातल्या हशाला आणखी एक कारण होतं. इथल्या पुष्कळांना ते वाक्य कानडीत आधीच ठाऊक होतं: ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’. १९९०च्या दशकात बेंगळुरात आणि कर्नाटकातल्या गावोगावी ही वदंता पसरली होती. रात्री एक बाई दार वाजवते, घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की कारभार आटोपला. उपाय एकच, दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवायचं. ती येते, वाचते, माघारी जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

या गोष्टीत भीती कुठं संपते आणि गंमत कुठं सुरू होते ते सांगता येत नाही. हे भूत साक्षर आहे, वर सांगितलेलं ऐकणारंही आहे. ज्या मुलखात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात, तिथं भूत तेवढं पाटी वाचून निमूट परत फिरतं. ‘स्त्री’वाल्यांनी ही कर्नाटकातली गोष्ट उचलून मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली. भिंतीवरची लिपी बदलली, बाईचा स्वभाव तोच राहिला.

भुताच्या गोष्टीत हशा पेरायची ही कल्पना हल्लीच्या सिनेमावाल्यांची, असा समज आहे. शास्त्राला तर ही जोडी पसंतच नव्हती. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात भयानक हा हास्याचा विरोधी रस म्हणून सांगितला आहे. पण गावच्या रंगमंचावर शास्त्राला विचारतो कोण? १८४२च्या सुमारास उत्तर कन्नडमधल्या करकी गावची भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काहीतरी मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलं. मराठी रंगभूमीचा जन्म म्हणून हे साल शाळेत पाठ करून घेतात. कानडी मंडळींचा भाग मात्र एका ओळीत उरकतात. (सीमाभागातल्या माणसाला ती ओळ जरा जास्तच मोठ्यानं ऐकू येते.)

त्या धाटणीच्या पौराणिक नाटकांना पुढं लोकांनी थट्टेनं नाव दिलं, ‘अलल्लडुर्र’ नाटकं. राक्षस रंगमंचावर यायचा तो हीच आरोळी ठोकत, तलवार परजत, धिंगाणा घालत. समोरची पोरं आईच्या पदरात तोंड खुपसायची. आणि त्याच खेळात सूत्रधाराला आडवे-तिडवे प्रश्न विचारून भंडावणारा विदूषकही असायचा. एकाच रात्री, एकाच कंदिलाच्या उजेडात दोन्ही. घाटाखाली तळकोकणातल्या दशावतारात तर दोघांना वेगळं ठेवायचीही गरज वाटली नाही. तिथला काळ्या वेशातला संकासुर वेद पळवणारा राक्षस खरा, पण त्याची बोलणी ऐकून लोक हसून लोळतात. त्याला बघून पळणारी पोरं चार पावलांवर थांबतात आणि परत त्याच्याकडंच बघत बसतात.

बेळगावात दिवाळीच्या तोंडावर गल्लोगल्ली नरकासुर उभे राहतात, तो प्रकारही याच जातीचा. सुळे बाहेर, डोळे वटारलेले, आणि पोट असं सुटलेलं की बघणाऱ्याला आधी हसू यावं. भल्या पहाटे त्याला पेटवलं की संपलं. तोवर रात्रभर त्याच्याभोवती नाच.

पडद्यावर ही जोडी उशिरा जमली. मेहमूदनं १९६५ साली ‘भूत बंगला’ काढला, पण वाट रुळली नाही. पुढं रामसे बंधूंनी भीतीचं दुकान थाटलं. त्यांच्या सिनेमात विनोद असायचा, पण वेगळ्या ताटात वाढलेला. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) मूळ कथेशी काडीचा संबंध नसलेली जगदीपची ‘शोले’छाप डाकूगिरी मध्येच सुरू होते. शिवाय त्यांचे बहुतेक सिनेमे प्रौढांसाठीचे, म्हणजे घरच्यांसोबत बघायची सोय नाही.

ती सोय केली १९९३च्या ‘झपाटलेला’नं. कल्पना हॉलिवूडच्या १९८८मधल्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, हे लपून राहिलेलं नाही. पण महेश कोठारेंनी तिला पार इथलं करून टाकलं. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो तो मांत्रिकाच्या मंत्रानं, आणि बाहुला येतो तो लक्ष्याच्या हातात, जो स्वतःच बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा. मराठी घरांना बोलका बाहुला म्हणजे अर्धवटराव ठाऊक, घरातलाच एक. ज्या पाध्ये घराण्याचा अर्धवटराव, त्याच घराण्यातल्या रामदास पाध्यांनी तात्या विंचूचा बाहुलाही बनवला. ज्याच्या बोलण्याला आजवर हसलो तोच सुरा घेऊन मागं लागला तर? भीतीचं मूळ तिथं आहे. आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातलं ‘ओम फट् स्वाहा’ असं काही होतं की पोरं दिवसा तेच एकमेकांना ओरडून दाखवायची आणि रात्री पांघरुणाबाहेर पाय काढायची नाहीत. आमच्या गल्लीत गणपतीत व्हिडिओवर हा सिनेमा लावला होता. दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीची प्लॅस्टिकची बाहुली आजीच्या ट्रंकेत गेली, वर कुलूप. कुलूप मी लावलं होतं. थोरला भाऊ ट्रंकेजवळून जाताना आतून आवाज आल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, “डोळे उघड की बे!”

सीमाभागातला प्रेक्षक एका भाषेवर थांबत नाही, म्हणून पुढचा धागा कानडीतून येतो. १९९३मध्येच मल्याळममध्ये ‘मणिचित्रताळ’ आला होता. त्याचा २००४ साली कानडीत विष्णुवर्धनचा ‘आप्तमित्र’ झाला, २००५मध्ये तमिळ ‘चंद्रमुखी’, २००७मध्ये हिंदी ‘भूल भुलैया’. या चारींची गंमत बघा. केरळच्या वाड्यातली भूत झालेली नर्तकी तमिळ बोलते. कानडी आणि तमिळ पडद्यावरची तेलुगूत ‘रा रा’ म्हणते. हिंदी पडद्यावरच्या हवेलीतली मंजुलिका बंगाली. वाडा आपला, भूत मात्र दुसऱ्या भाषेतलं. आमच्याकडं हे बघून कुणाला नवल वाटलं नाही. मराठी घरातल्या बाईच्या अंगात सौंदत्तीची यल्लम्मा आली की ती कानडीतच बोलणार, हे लहानपणापासून बघितलेलं. घरातल्या एखाद्या जाणत्यानं मग दुभाष्याचं काम करायचं, आणि तो काहीतरी भलतंच भाषांतर करतोय असं वाटून मागं बसलेल्यांनी हसू दाबायचं.

मराठीतून या वाटेवर अलीकडं निघालेला माणूस म्हणजे आदित्य सरपोतदार. २०२२मध्ये त्यांनी डोंबिवलीत झोंबी आणून ‘झोंबिवली’ केला, आणि २०२४मध्ये हिंदीत ‘मुंज्या’. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी, म्हणजे मुंजीचं व्रत सोडायच्या विधीआधी, मेलेला पोरगा पिंपळावर राहतो, ही कोकणातली जुनी समजूत. तो सिनेमा बघायला मी एका कानडी मित्राला घेऊन गेलो. आपलं भूत आपणच समजावून सांगावं म्हणून मी सुरुवातीलाच त्याच्या कानाशी लागलो, मुंज म्हणजे काय, सोडमुंज म्हणजे काय. त्यानं पडद्यावरची नजर न काढता मला गप्प केलं: “मुंजी गोत्तैती बिडो.” माहीत आहे, सोड. कानडीतही मुंजीला मुंजीच म्हणतात, हे मी विसरलो होतो.

पुढच्याच मिनिटाला त्यानं माझा दंड असा आवळला की इंटरव्हलला उजेडात पाहिलं तर चार बोटांचे वळ उठलेले.