भट्टीची धग आणि मंजुरीची फाइल : पुण्यात नवा बॉयलर बसवताना

भोसरीतल्या आमच्या ऑफिसात पेपरवेट म्हणून एक कापलेली बॉयलर ट्यूब ठेवलेली आहे. बाहेरून काळी, आतून पांढुरक्या क्षाराचा थर आणि एका बाजूला पोळी फुगावी तसा टम्म फुगवटा. फुगवट्याच्या टोकाला बोट जाईल एवढी फट. नवा बॉयलर घ्यायला निघालेला कोणी "कागद काय काय लागतात ते सांगा" म्हणत आला की मी आधी ती ट्यूब त्याच्या हातात देतो. बॉयलरला मंजुरी देणाऱ्या सरकारी बाष्पके संचालनालयात जाणाऱ्या फाइलमधला जवळजवळ प्रत्येक कागद एकच गोष्ट सांगत असतो : भट्टीची धग हे लोखंड कशाच्या जोरावर सोसणार आहे. हे डोक्यात असलं की कागद गोळा करणं सोपं जातं. नसलं की फाइल परत येते आणि मग तपासणाऱ्या साहेबांच्या नावाने बोटं मोडली जातात.

आधी कायद्याचं. १९२३ चा जुना कायदा आता गेला. त्याच्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आला आणि १ मे २०२५ पासून लागू झाला. पण डिझाइन, माल, वेल्डिंग, तपासणी यांचे तांत्रिक नियम आजही १९५० च्या इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सचेच, म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'आयबीआर'. महाराष्ट्रात हे काम कामगार विभागाखालचं बाष्पके संचालनालय पाहतं. मुख्यालय मुंबईत, पण पुणे परिसराची कामं पुण्यातल्या कार्यालयातून होतात.

तुमचा बॉयलर यात येतो का?

२५ लिटरपेक्षा कमी क्षमता, किंवा डिझाइन प्रेशर आणि वर्किंग प्रेशर दोन्ही चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा कमी, किंवा पाणी १०० अंशांच्या खालीच तापतं, यांपैकी एक जरी लागू असलं तरी तो कायद्याच्या दृष्टीने बॉयलर नाही. बाकी सगळे आत. इथे घोळ होतो तो 'क्षमता' या शब्दाने. ती तासाला किती वाफ निघते यावर ठरत नाही. फीड चेक व्हॉल्व्हपासून (जिथून पाणी आत येतं) मेन स्टीम स्टॉप व्हॉल्व्हपर्यंत (जिथून वाफ बाहेर जाते) आत किती पाणी मावतं, त्यावर ठरते. म्हणून तासाला काही शे किलो वाफ देणारा कॉइलचा बॉयलर 'नॉन-आयबीआर' असू शकतो आणि त्याच्या निम्मी वाफ देणारा जुन्या घडणीचा उभा बॉयलर आयबीआरमध्ये बसतो. लाँड्री, फरसाणवाले, छोट्या डेअऱ्या यांना 'परवाना लागत नाही' असं सांगून बरंच काही विकलं जातं. विकणाऱ्याकडून आतल्या पाण्याचं आकारमान लेखी घ्या. नुसत्या कोटेशनवर 'नॉन-आयबीआर' छापलेलं असणं हा पुरावा नाही.

डिझाइनची फाइल : साहेब नक्की काय वाचतात

डिझाइन मंजूर करून घेणं हे बनवणाऱ्याचं काम. मालकाला यात सही करायची नसते. तरी मालकाने हा भाग समजून घ्यावा, कारण पुढे वीस-पंचवीस वर्षं त्या भट्टीशी त्यालाच संसार करायचा आहे. चिंचवडला थरमॅक्स आणि कासारवाडीला फोर्ब्ज मार्शल असल्यामुळे या शहरात बॉयलर डिझाइन जाणणारी माणसं भरपूर आहेत. दोन तास कोणाशी तरी बसा.

भट्टीत ज्वाळेचं तापमान हजार अंशांच्या बरंच वर असतं. साधं कार्बन स्टील साडेचारशेच्या पुढे ढिलं पडू लागतं. तरीही बॉयलर टिकतो, कारण पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला उकळतं पाणी असतं आणि ते उष्णता झपाट्याने ओढून नेतं. साडेदहा किलो प्रेशरला (चौरस सेंटिमीटरला, पुढेही तसंच) पाणी १८६ अंशांच्या आसपास उकळतं. नियम म्हणतो की भट्टीची धग खाणाऱ्या बॉयलर ट्यूबचं धातूचं तापमान या उकळबिंदूपेक्षा २८ अंश जास्त धरा. म्हणजे २१४. हा आकडा उगाच आलेला नाही. दर चौरस मीटरला २०० किलोवॉट उष्णता चार मिलिमीटरच्या पत्र्यातून जात असेल, तर पत्र्याच्या दोन बाजूंत फरक पडतो जेमतेम १८ अंशांचा. पाण्याला लागून असलेल्या पातळ थरात आणखी पंधरा-वीस. सरासरी काढा, २१० च्या घरात येता.

आता त्याच हिशेबात आतून एक मिलिमीटर क्षार धरा. क्षाराची उष्णता वाहून नेण्याची ताकद स्टीलच्या चाळीस-पन्नासाव्या हिश्शाची. त्या एका मिलिमीटरने धातू आणखी दोनशे अंशांनी तापतो, म्हणजे चारशे पार. दोन मिलिमीटर झाला तर सहाशे. पेपरवेट असाच तयार होतो.

गंमत अशी की नुसत्या दाबासाठी जाडी फारशी लागतच नाही. वॉटर ट्यूब बॉयलरच्या, म्हणजे ट्यूबच्या आत पाणी आणि बाहेर आग असते त्याच्या, ट्यूबचं सूत्र सोपं आहे : दाब गुणिले बाहेरचा व्यास, भागिले (दुप्पट अनुज्ञेय ताण अधिक दाब), आणि त्यात वरून ०.७५ मिलिमीटर. ही वरची भर ७० किलोपर्यंतच्या प्रेशरला. अनुज्ञेय ताण म्हणजे त्या तापमानाला धातूवर बिनधोक टाकता येईल एवढा ताण. ५०.८ मिलिमीटरची ट्यूब, साडेदहा किलो प्रेशर, अनुज्ञेय ताण समजा ९५० किलो. उत्तर येतं साधारण एक मिलिमीटर, आणि त्यातला तीन चतुर्थांश ती भरच. प्रत्यक्षात ट्यूब याच्या दोन-तीन पट जाडीची घेतात. नियमांत व्यासाप्रमाणे किमान जाडी ठरलेली आहे, शिवाय गंज आहे, ट्यूबचं टोक फुगवून भोकात घट्ट बसवणं (एक्स्पान्शन) आहे, राखेची घासण आहे. म्हणून कॅल्क्युलेशन शीटवर 'आवश्यक' आणि 'दिलेली' असे दोन्ही आकडे लिहायचे. एकच आकडा लिहिला तर शेरा आलाच.

स्मोक ट्यूब बॉयलरची, म्हणजे नळ्यांच्या आत धूर आणि बाहेर पाणी असतं त्याची, गोष्ट वेगळी. तिथे भट्टीची नळी पाण्यात बुडालेली असते आणि दाब बाहेरून आत चिरडू पाहतो. ८०० मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या एका मीटर लांबीवर साडेदहा किलोचा दाब म्हणजे एका बाजूने जवळजवळ ८४ टन. अशी नळी गोल असते तोवर ताठ उभी राहते. कुठे धातू तापून मऊ पडला किंवा नळी जरा लंबगोल झाली की ती आत बसते. म्हणून नालीदार फर्नेस, म्हणजे नागमोडी वळ्यांची भट्टीची नळी. वळ्यांमुळे ताठपणाही येतो आणि तापल्यावर लांबी वाढायला सवडही मिळते. साधी सरळ नळी घेतली, तर ताठपणा कुठून आणला ते ड्रॉइंगवर दाखवा. फर्नेस आणि स्टे (आधाराचे दांडे) यांच्यामध्ये एंड प्लेटला, म्हणजे बॉयलरच्या टोकाच्या पत्र्याला, श्वास घ्यायला सोडलेली जागा, म्हणजे ब्रीदिंग स्पेस, ही तपासणाऱ्याची आवडती जागा. तिथे आकडा नसेल तर पुढचं पान उलटलं जात नाही.

पुणे जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत वीजनिर्मितीचे बॉयलर ६७ किलो, ४८५ अंश अशा घरात चालतात. तिथे सुपरहीटरमध्ये, म्हणजे तयार वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांत, वाफ असते आणि वाफ पाण्याएवढी उष्णता ओढत नाही. म्हणून नियमांत वाहत्या गरम वायूंवर तापणाऱ्या कन्व्हेक्शन सुपरहीटरला वाफेच्या तापमानावर ३९ अंश आणि भट्टीच्या थेट धगीतल्या रेडियंट सुपरहीटरला ५० अंश जास्त धरायचे. ४८५ चे ५२४ किंवा ५३५ होतात. ४५४ अंशांच्या वर अनुज्ञेय ताण काढताना लाख तासांनी धातू किती ताणला जाईल, तुटेल का, हेही पाहावं लागतं. तिथे कार्बन स्टीलचा विषय संपतो. टी-११, टी-२२ सारखे क्रोम-मॉलीचे (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचे) ग्रेड येतात. जाणाऱ्या धुरावर फीडचं पाणी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरला मात्र पाण्यावर फक्त ११ अंश. एकाच बॉयलरच्या चार भागांना चार तापमानं, हे न लिहिता सगळीकडे एकच आकडा टाकणारे डिझाइनर मी पाहिले आहेत.

मंजुरीला जातं ते एवढं : सगळी मापं आणि मालाचे ग्रेड असलेली ड्रॉइंग, भागवार ताकदीची कॅल्क्युलेशन, वेल्ड जॉइंटचे तपशील, हीटिंग सर्फेस (उष्णता घेणाऱ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ) आणि वाफेची क्षमता, सेफ्टी व्हॉल्व्हच्या आकाराचा हिशेब.

कारखान्यात बनत असताना

मंजूर ड्रॉइंग हातात आलं की इन्स्पेक्टिंग ऑथॉरिटीच्या, म्हणजे तपासणीचा अधिकार असलेल्या संस्थेच्या, नजरेखाली काम चालतं. प्लेट आणि ट्यूबचे स्टील मेकरचे दाखले फॉर्म चारमध्ये, पाइप तीन-ए, ट्यूब तीन-बी, व्हॉल्व्ह आणि माउंटिंग तीन-सी, तपासणीचा दाखला फॉर्म दोन आणि बनवणाऱ्याचा दाखला फॉर्म तीन. वेल्डर आयबीआर परीक्षा पास झालेला हवा. एक्स-रे फिल्म आणि हीट ट्रीटमेंटचे चार्ट जपून ठेवायचे. शेवटी वर्किंग प्रेशरच्या दीडपट पाण्याचा दाब.

एक अनुभव सांगतो. एका कामात फर्नेसची प्लेट कापली आणि हीट नंबर नेमका स्क्रॅपच्या तुकड्यावर राहिला. (हीट नंबर म्हणजे ते पोलाद कारखान्यात कोणत्या ओतीत तयार झालं त्याचा क्रमांक. भट्टीच्या धगीशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव मोठं समर्पक.) प्लेट तीच होती, दाखलाही तोच होता, पण दोघांना जोडणारा आकडाच उरला नव्हता. स्क्रॅपवाल्याच्या ढिगात अर्धा दिवस घालवला, तुकडा मिळाला नाही. प्लेटमधून नमुना काढून लॅबमध्ये तपासणी करावी लागली आणि तीन आठवडे गेले. चूक आमचीच. कापायच्या आधी दोन्ही बाजूंना नंबर पंच करून त्यावर इन्स्पेक्टरचा शिक्का घ्यायचा असतो, हे तेव्हा कागदावरच माहीत होतं.

मालकाचा अर्ज

बॉयलर जागेवर आला की अर्ज मालकाच्या नावाने, ऑनलाइन. फी हीटिंग सर्फेसच्या टप्प्यांप्रमाणे, 'ग्रास' या सरकारी भरणा पोर्टलवरून भरून चलन जोडायचं. सोबत हे लागतं :

– फॉर्म दोन, तीन आणि त्यांच्या उपफॉर्मचे मूळ दाखले, मंजूर ड्रॉइंगसह
– बॉयलरवरच्या मेकर स्टॅम्पचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. दाखल्यावरचा आकडा आणि ठशावरचा आकडा अक्षरशः जुळला पाहिजे
– खरेदीचं इन्व्हॉइस
– उभारणी करणाऱ्याचा मान्यता दाखला. वर्ग तीन १७.५ किलोपर्यंत, वर्ग दोन ४० पर्यंत, वर्ग एक १२५ पर्यंत, त्यापुढे विशेष वर्ग. ३२ किलोचा बॉयलर आणि वर्ग तीनचा ठेकेदार, असं स्वस्तात मिळालं म्हणून करू नका
– बॉयलर अटेंडंटचा प्रमाणपत्रासह तपशील. हीटिंग सर्फेस १००० चौरस मीटरच्या वर असेल तर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर हवा

स्टीम लाइन बरेच जण विसरतात. साडेतीन किलोच्या वर प्रेशर किंवा २५४ मिलिमीटरच्या वर आतला व्यास असला की तो पाइप कायद्याने 'स्टीम पाइप' होतो आणि त्याच्या ड्रॉइंगला वेगळी मंजुरी लागते. चाकणच्या शेडमध्ये बॉयलर नोंदणी होऊन तयार आणि लाइनच्या मंजुरीअभावी बंद, असं होतं.

अर्जानंतर तपासणीसाठी ३० दिवसांच्या आतली तारीख मिळते आणि किमान १० दिवस आधी कळवलं जातं. त्या दिवशी मॅनहोल उघडे हवेत, भट्टीत उतरायला शिडी आणि २४ व्होल्टचा दिवा हवा. माउंटिंग एकेक करून पाहतात : सेफ्टी व्हॉल्व्ह, दोन वॉटर गेज, प्रेशर गेज, इन्स्पेक्टरचा गेज लावायची जोडणी, स्टॉप व्हॉल्व्ह, फीड चेक, ब्लोडाउन, फ्युजिबल प्लग. फ्युजिबल प्लग भट्टीच्या माथ्यावर असतो. पाणी खाली गेलं की त्यातला मऊ धातू आधी वितळतो आणि वाफ आगीवर सुटते. तो नवा आहे का, एवढं तरी स्वतः पाहा. एकदा भर म्हणून साधा प्लग ठोकलेला निघाला होता.

हायड्रॉलिक टेस्ट उतरली की बहुधा तात्पुरता आदेश मिळतो. त्याची मुदत सहा महिने. नंतर स्टीम टेस्ट, सेफ्टी व्हॉल्व्ह नेमके उठतात का ते बघणं, आणि मग नोंदणी क्रमांक व वापराचं प्रमाणपत्र. क्रमांक मिळाल्यावर महिन्याच्या आत तो बॉयलरवर कायमचा कोरायचा. रंगाने लिहिलेला चालत नाही. प्रमाणपत्र साधारण १२ महिन्यांचं, आणि त्यावर लिहिलेल्या प्रेशरच्या वर एक किलोही नाही.

जुना बॉयलर घेणार असाल तर मेमोरँडमची, म्हणजे तपासणीच्या नोंदींची, वही पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. परराज्यातून आणत असाल तर आधी नोंदणी इकडे वर्ग करून घ्यावी लागते. त्या वहीत फर्नेसची मापं वर्षागणिक लिहिलेली असतात. उभा आणि आडवा व्यास शेजारी शेजारी ठेवून पाहा. फरक वाढत गेलेला दिसला तर विक्रेत्याला काही विचारायची गरज नाही, चहा घेऊन निघा.

नोंदणीनंतर भट्टीला, ट्यूबला किंवा ड्रमला दुरुस्तीचं वेल्डिंग लागलं तर आधी मंजुरी, मग टॉर्च. अपघात झाला तर २४ तासांत कळवायचं. आणि वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी आग विझवून लगेच गार पाणी सोडू नका. पुण्यात एका ठिकाणी साहेब सकाळी दहाला येणार म्हणून रात्रपाळीने तेच केलं. सकाळी ट्यूब प्लेटवर केसाएवढ्या नऊ चिरा मोजल्या, त्याही मीच.