स्तिफादो

स्तिफादो हा ग्रीस आणि सायप्रसमध्ये घरोघरी होणारा, मंद आचेवर बराच वेळ शिजवलेल्या मांसाचा दाट रस्सा आहे. मांसाइतक्याच वजनाचे, अख्खे ठेवलेले छोटे कांदे ही त्याची मुख्य खूण होय. रेड वाइन, व्हिनेगर, टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि दालचिनीसारखे गोडसर वासाचे मसाले यांतून त्याची आंबटगोड चव घडते. आज तो बहुधा कोवळ्या गुरांच्या मांसाचा करतात. ससा, रानससा आणि ऑक्टोपस यांचे स्तिफादोही रूढ आहेत. कोक्किनिस्तो हा गोमांसाचा दुसरा लोकप्रिय ग्रीक रस्सा याच्या जवळचा असला, तरी त्यात कांदा बारीक चिरून टोमॅटोत विरघळू देतात.

पदार्थाचे नाव इटालियन वळणाचे असून त्याचा संबंध व्हेनिसच्या सत्तेशी जोडला जातो. ग्रीक बेटांपैकी क्रीट १३व्या शतकापासून १६६९ पर्यंत, तर कॉर्फू १३८६ ते १७९७ या काळात व्हेनिसच्या अमलाखाली होते, आणि पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारातही या नगरराज्याचा मोठा वाटा होता. मात्र आजचे स्तिफादो जसेच्या तसे त्या काळातले मानता येत नाही. टोमॅटो आणि ऑलस्पाइस (मिऱ्यासारखे दिसणारे वाळवलेले सुगंधी फळ) हे त्यातले दोन्ही घटक मूळचे अमेरिका खंडातले असून टोमॅटो तर ग्रीक स्वयंपाकात १९व्या शतकात रुळला. गुरे शेतीच्या कामाची असल्याने ग्रामीण घरांत त्यांचे मांस पूर्वी क्वचितच शिजे. शिकारीत मिळालेला रानससा व्हिनेगर किंवा वाइनमध्ये मुरवून त्याचा उग्र वास कमी करण्याची रीत आजही टिकून आहे.

घरी सहा जणांसाठी करताना १ किलो मांस, १ किलो छोटे कांदे, साधारण ४०० ग्रॅम टोमॅटो, २०० मिलिलिटर रेड वाइन आणि तीन-चार चमचे व्हिनेगर हे प्रमाण जमते. मांस खांद्याचे किंवा पायाच्या नळीजवळचे, म्हणजे भरपूर चिवट पेशीजाल असलेले घ्यावे. महागडे, मऊ आणि बिनचरबीचे तुकडे इतका वेळ शिजवल्यास कोरडे पडतात. मोठे तुकडे कापून, पुसून कोरडे करून ते गरम ऑलिव्ह तेलात थोडे थोडे परतावेत. ओल्या किंवा गर्दीने टाकलेल्या मांसाला पाणी सुटते, ते तांबूस होत नाही आणि रश्श्याला खोली येत नाही. मग लसूण आणि वाइन घालून भांड्याच्या तळाला चिकटलेला भाग सोडवावा, आणि टोमॅटो, व्हिनेगर, दालचिनीचा तुकडा, दोन-तीन लवंगा, पाच-सहा ऑलस्पाइसचे दाणे, मिरे व लॉरेलची पाने (बे लीफ) घालावीत. लॉरेलचे झाड आपल्या तमालपत्राहून वेगळे आहे आणि दोन्ही पानांचा वासही निराळा असतो, त्यामुळे एकाऐवजी दुसरे वापरल्यास चव बदलते.

यानंतर झाकण ठेवून रस्सा जेमतेम हलत राहील इतक्याच आचेवर दोन ते अडीच तास शिजवतात. या अवधीत मांसातील कोलॅजेन, म्हणजे चिवट पेशीजालातले प्रथिन, हळूहळू मऊ, चिकट जिलेटिनमध्ये बदलते, तुकडे मऊ होतात आणि रस्सा पीठ न लावताही दाट होतो. जोरात उकळल्यास मांसाचे तंतू आक्रसून रस बाहेर पडतो. म्हणून घाई हाच या पदार्थाचा खरा शत्रू आहे.

कांद्यांची तयारी सर्वांत वेळखाऊ असते आणि ती टाळून कापलेले मोठे कांदे वापरले, तर जे तयार होते त्याला स्तिफादो म्हणणे कठीण आहे. छोटे कांदे उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवले की साल सहज निघते. सोलताना मुळाकडचा भाग अगदी थोडाच छाटावा, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. ते वेगळे परतून, मांस अर्धे शिजल्यावर रश्श्यात सोडतात. त्यानंतर चमच्याने ढवळत नाहीत, भांडेच दोन्ही कानांना धरून हलवतात. व्हिनेगर आणि टोमॅटो यांचा आंबटपणा कांद्यातील पेक्टिन, म्हणजे पेशींना एकत्र धरून ठेवणारा घटक, लवकर विरघळू देत नाही, त्यामुळे कांदा आतून मऊ होऊनही बाहेरून शाबूत राहतो. पानात वाढताना अख्खा दिसणारा आणि जिभेने दाबताच विरणारा कांदा ही उत्तम स्तिफादोची कसोटी होय.

महाराष्ट्रात गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आहे. तेथे हा रस्सा म्हशीच्या मांसाचा किंवा मटणाचा करता येतो आणि सांबारासाठी मिळणारे छोटे कांदे त्याला चालतात. म्हशीचे मांस अधिक चिवट असल्यास तासभर वाढवून द्यावा लागतो.

ग्रीसमध्ये स्तिफादो प्रामुख्याने थंडीच्या दिवसांत करतात. रस्सा टिपून घेण्यासाठी जाड पाव, तळलेले बटाटे, भात किंवा हिलोपिटेस नावाचा चौकोनी तुकड्यांचा पास्ता सोबत असतो. आदल्या दिवशी करून ठेवल्यास मसाला आणि आंबटपणा मांसात अधिक मुरतो. गार झाल्यावर वर साकळलेली चरबी काढून टाकणेही सोपे जाते.