लिंबाने खाल्लेला संगमरवर

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी परवा हाक मारली. नव्या देवघराच्या पांढऱ्या पायरीवर वाटीच्या बुडाएवढा निस्तेज गोल उमटला होता. सरबत सांडले होते म्हणे. "फसवलं की ओ आम्हाला! खरा मार्बल असता तर डाग पडला असता होय?" म्हटलं, काकू, पडला म्हणूनच तो खरा असण्याची शक्यता जास्त.

मुळात तो डागच नव्हे. डाग म्हणजे बाहेरचे काही दगडात मुरणे. इथे दगडातलेच काही निघून गेले आहे. संगमरवर म्हणजे जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने नव्याने स्फटिक झालेला चुनखडक, रसायनाने कॅल्शियम कार्बोनेट. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे हायड्रोजन आयन कार्बोनेटला भिडतात. आधी बायकार्बोनेट होते, मग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. सुटलेले कॅल्शियम विरघळून पुसून जाते. गंमत अशी, की प्रत्येक स्फटिक वेगळ्या दिशेने बसलेला असल्याने सगळे सारख्या वेगाने झिजत नाहीत, सांध्यांवर तर जास्तच. घोटून आरशासारखा केलेला पृष्ठभाग सूक्ष्म डोंगरदऱ्यांचा होतो, प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो, चमक जाते. म्हणून साबणाने कितीही घासा, उपयोग नाही. पुन्हा पॉलिशच हवे. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झला लिंबू काही करत नाही.

अर्थात दगड खरा की खोटा याची ही लिंबू-परीक्षा पक्की नाही. संगमरवराची भुकटी राळेत घालून केलेली लादीही झिजेल, आणि डोलोमाइटचा, म्हणजे कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असलेल्या कार्बोनेटचा, अस्सल संगमरवर फारसा फसफसणार नाही.

आपल्याकडे बेळगावच्या पश्चिमेला लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, पूर्वेला लोकापूर-बागलकोटकडे चुनखडक. त्याला मकराण्याच्या दगडासारखी भट्टी मिळाली नाही, म्हणून पांढऱ्या पायरीसाठी राजस्थानकडे बघावे लागते. शहाबादी फरशी आणि ओट्याचा काळा कडप्पा हेही चुनखडकच. चिंचेचा कोळ सांडून ओटा जिथे पांढुरका पडलाय, तिथे हेच घडलेय.

काकूंच्या जाऊबाईंना मात्र देवघरात असे होणे अपशकुन वाटला; उतारा काढू म्हणाल्या. मी एवढेच विचारले, उताऱ्याचे लिंबू कापून ठेवणार कुठे, त्याच पायरीवर?