पी. एल. छावणी
पूर्व पाकिस्तानातून पश्चिम बंगालमध्ये आलेल्या ज्या निर्वासितांचे पुनर्वसन शक्य नाही असे शासनाने ठरवले, त्यांच्यासाठीची छावणी. ‘पर्मनंट लायबिलिटी’, म्हणजे शासनावरील कायमचा भार, या वर्गाचे हे लघुरूप. हा वर्ग 1950 च्या सुमारास रूढ झाला असावा. नादिया जिल्ह्यातील कूपर्स कॅम्प व धुबुलिया येथील छावण्या प्रसिद्ध. टिटागड व भद्रकाली येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र गृहे होती.

पुनर्वसनाचे एकक कुटुंब होते आणि कुटुंब म्हणजे ज्यात धडधाकट प्रौढ पुरुष आहे ते. असा पुरुष असला की जमीन, बैल व घरबांधणीसाठी कर्ज मिळे. तो नसला, तर तरुण, कष्टाळू विधवेचे नावही वृद्ध, अपंग व आजारी यांच्या यादीत चढे आणि तिला फक्त रोख मदत व शिधा मिळे. शिवण व विणकाम शिकवले जाई, पण त्या कमाईवर तिला कुटुंबप्रमुख मानले जात नसे. मुलगा कमावता झाला किंवा तिचे लग्न झाले, तरच या वर्गातून तिचे नाव सुटे. स्त्रीच्या श्रमाची किंमत शून्य धरणारी ही नोंदपद्धतीच तिच्या परावलंबनाचे मोठे कारण ठरली.

छावण्यांत नमशूद्र, पौंड्र आदी दलित शेतकरी जातींचा भरणा का झाला, याविषयी मतभेद आहेत. एक मत असे, की जमीनदार व नोकरदार उच्चवर्णीय आधी आले, तर शेतकरी जाती 1950 च्या बारीसाल-खुलना दंगलींनंतर. तोवर कोलकात्याभोवतीची जागा संपली होती. दुसऱ्या मताने दलित निर्वासितांना मुद्दाम बंगालबाहेर, 1958 पासून मध्य भारतातील दंडकारण्याच्या जंगलपट्ट्यात, धाडले गेले. जागेची टंचाई खरी होती. पण ओळखीपाळखी व शिक्षण असलेल्यांना शहरालगत वसाहती उभारता आल्या आणि इतरांना छावणीखेरीज थारा उरला नाही, हे पाहता केवळ आगमनकाळाने उलगडा होत नाही. जातीचे आधारजाळे तुटल्याचा फटका एकाकी स्त्रीला सर्वाधिक बसला.

धर्माचा परिणाम प्रवेशाच्या नियमांत दिसतो. दोन्ही देशांतील धार्मिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी भारत व पाकिस्तान यांच्या पंतप्रधानांनी केलेल्या 8 एप्रिल 1950 च्या नेहरू-लियाकत करारात निर्वासित परत जातील असे गृहीत होते. म्हणून पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना 1954 च्या कायद्याने मिळालेली मालमत्तेची भरपाई बंगाल्यांना मिळाली नाही. पुढे भारतात येण्याची परवानगी देणारी स्थलांतर प्रमाणपत्रे देताना अनाथ, निराधार विधवा व लग्नासाठी येणाऱ्या मुली यांना प्राधान्य होते. म्हणजे ज्या निराधारपणामुळे सीमा ओलांडता आली, त्याच कारणाने पुढे जमीन नाकारली गेली. एप्रिल 1958 ते डिसेंबर 1963 या काळात आलेल्यांना तर पुनर्वसनाचा हक्कच नव्हता.

महाराष्ट्रात 1960 च्या दशकात बंगाली निर्वासितांना तत्कालीन चांदा जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीतील मुलचेरा व चामोर्शी भागात, वसवले गेले. चंद्रपूर शहरातील ‘बंगाली कॅम्प’ ही वस्ती त्याचीच खूण. अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी असते. नमशूद्र पश्चिम बंगाल, आसाम व त्रिपुरा येथील यादीत आहेत, महाराष्ट्राच्या नाहीत. परिणामी येथील नमशूद्र मुलीला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि ग्रामपंचायतीत त्या प्रवर्गातील महिलेसाठी राखीव जागेवर तिला उभे राहता येत नाही.